रेडिओवर कोण गातं

कोळीवाडा, पनवेल
११ नोव्हेंबर १९५९

भगवानदादा,

कळंबोलीला जाऊन तुझ्या भामावहिनीकडून हा पत्ता घेतला. मी आनंदाची बहीण वेणू. तू आमच्याकडे यायचास तेव्हा मी परकर खोचून होडीत उड्या मारायचे. आता सातवीची फायनल पास झाले आहे आणि दुपारी कोळीवाड्यातल्या पोरींना अक्षरं शिकवते.

तुझं नाव इथे सगळ्यांच्या तोंडी आहे. पोरं कपाळावर केसांचा कोंबडा काढून बंदरावर उभी राहतात आणि ‘भरती आली गो’ म्हणताना मध्येच आवाज तोडतात, तू तोडतोस तसा. ओकमास्तर म्हणतात, रॉक अँड रोल म्हणजे फेफरं आलेल्या माणसाचा नाच. त्यांचाच मुलगा आरशासमोर तो नाच करताना सापडला.

लिहायचं कारण वेगळं आहे. आई अजून एस.टी. स्टँडजवळ मासळी घेऊन बसते. समोर करीमचाचांच्या हॉटेलात रेडिओ आहे. गेल्या महिन्यात त्यावर तुझं गाणं लागलं, आणि गिऱ्हाइकाला कोळंबी देता देता आईचा हात थांबला. म्हणाली, “आनंदा गातंय.”

मी म्हटलं, “आई, तो भगवान आहे. कळंबोलीचा.”

“मना माझ्या पोराचा आवाज कलत नाय?” ती म्हणाली.

तेव्हापासून रोज घरी आल्यावर एकच विचारते. गातोय तर घरी का येत नाय.

आनंदाला जाऊन दोन वर्षं होऊन गेली, हे तुला मी काय सांगायचं. पण आईने त्याला शेवटचं पाहिलं नाही. त्या जुलैत बाजारात पाणी शिरलं होतं, ठाण्याची गाडी बंद होती. आम्ही मुंबईला पोचलो तोवर तू सगळं उरकून त्याची ट्रंक बांधून ठेवली होतीस. आई तेव्हा रडली नाही. दहाव्याला बसली नाही. मला वाटलं, धक्का बसलाय. आता वाटतं, तिने ते मानलंच नव्हतं.

तू एकदा ये. तिच्यासमोर बस आणि दोन शब्द बोल. तिला आता डोळ्यांनी कमी दिसतं, पण कान चांगले आहेत. तुझा आवाज ऐकला की तिची समजूत पटेल.

वेणू


माहीम, मुंबई
२४ नोव्हेंबर १९५९

वेणू,

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. एवढीशी पोर होतीस, आता मास्तरीण झालीस. अक्षर छान आहे.

सध्या मला श्वास घ्यायला फुरसत नाही. शनिवार-रविवार हॉटेलात प्रोग्रॅम, मधले दिवस पुणे, नाशिक, एकदा तर अहमदाबाद. पोरं स्टेजवर चढतात, शर्टाची बटणं तोडून नेतात. सोबत एक पेपरचं कात्रण पाठवतो, त्यात माझी मुलाखत आहे. मराठीत रॉक अँड रोल पहिल्यांदा आणणारा म्हणून त्यांनी मला अर्धं पान दिलं. ‘भरती आली गो’ कसं सुचलं तेही त्यात आहे. माझगावच्या धक्क्यावर बसलो होतो, समोरून गलबत येत होतं, आणि ओळ तोंडात आली.

गंगामावशीला माझा नमस्कार सांग. तिला भास होत असेल. या वयात होतं तसं. तिला रेडिओपासून जरा लांब बसव, मन आपोआप शांत होईल. आनंदा माझा जीव होता, मीही त्याच्या आठवणीने अजून अस्वस्थ होतो, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

होळीच्या सुमारास जमलं तर येतो.

तुझा,
भगवानदादा


कोळीवाडा, पनवेल
६ डिसेंबर १९५९

भगवानदादा,

कात्रण मिळालं. दोनदा वाचलं.

आईला रेडिओपासून लांब बसवता येत नाही. तिची जागा तिथे पंचवीस वर्षांची आहे. शिवाय ती आता मुद्दाम ऐकते. करीमचाचा भला माणूस आहे, गाणं लागलं की आवाज मोठा करतो. तिच्या भल्यासाठीच करतो, आणि मला घरी त्याचे परिणाम सोसावे लागतात.

काल मी तिच्याशेजारी बसून नीट ऐकलं. आधी कधी लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं. तुझं म्हणून ऐकायचे, म्हणून कौतुकाने ऐकायचे. काल तू हे गाणं गातोस हे विसरून ऐकलं आणि मलाही आनंदाच ऐकू आला.

आनंदाला लहानपणापासून दमा होता. ‘गो’ म्हणताना त्याचा श्वास तुटायचा आणि पुढचा शब्द तो जरा उशिरा धरायचा. होडीत वल्हं मारताना हेच व्हायचं. रेडिओवर अगदी तिथेच श्वास तुटतो. तुला दमा कधी झाला, दादा?

आणि ती ओळ तुला माझगावला सुचली असेल तर आनंदा ती आमच्या ओटीवर कशी म्हणायचा? तो गोदीत कामाला लागल्यावर पहिल्यांदा घरी आला, तेव्हा खलाशांकडून ऐकलेल्या कसल्याशा इंग्रजी चालीवर आपले शब्द बसवून आम्हाला ऐकवत होता. मी टोपलीवर ठेका धरला होता. मला ते पक्कं आठवतं.

सरळ विचारते. ती रेकॉर्ड आनंदाची आहे का? त्याने गाऊन ठेवली आणि नाव तुझं लागलं, असं काही झालं का? तसं असेल तर सांगून टाक. आईला निदान सांगता येईल की तुझ्या पोराचा आवाज तुला ओळखू आला, तू वेडी नाहीस.

वेणू


माहीम
१० जानेवारी १९६०

वेणू,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. राग आला असंही लिहितो, कारण खोटं लिहायला मला येत नाही.

हे तुला कोणी शिकवलं? गेले दोन महिने एक पेपरवाला माझ्या मागे आहे. जुन्या खोलीवर जाऊन शेजाऱ्यांना विचारतो, बँडच्या पोरांना दारू पाजून विचारतो. आता पनवेलला पोचला का? तुझ्या पत्रातले प्रश्न बहिणीचे वाटत नाहीत, वकिलाचे वाटतात. माझं नाव झालं हे पुष्कळांना बघवत नाही. त्यात तू नसावीस एवढीच इच्छा आहे.

रेकॉर्डवर माझा आवाज आहे. हवं तर जोसेफला विचार, तो ड्रम वाजवत होता. आम्ही दोघं एका खोलीत चार वर्षं राहिलो, एका ताटात जेवलो. मग गाणं एकमेकांसारखं वाटणारच. दोन भावांची चाल सारखी नसते का?

तो आजारी असताना त्याची सेवा मी केली. त्याला अग्नी मी दिला. हे तुम्ही लोक इतक्यात विसरलात.

भगवान


कोळीवाडा, पनवेल
२२ फेब्रुवारी १९६०

भगवानदादा यांस,

मला कोणी शिकवलेलं नाही. पनवेलला कोणी पेपरवाला आला नाही. पण तुम्ही त्याचं नाव काढलंत, म्हणून मला वाटलं की त्याला जे विचारायचं आहे ते मीच जाऊन विचारावं.

गेल्या रविवारी मी विठूकाकाला घेऊन माझगावला गेले. तुमची ती जुनी खोली पाहिली. तिथे आता दुसरं बिऱ्हाड आहे. शेजारच्या गोदूबाई मात्र तशाच आहेत. मी आनंदाची बहीण म्हटल्यावर त्यांनी चहा केला आणि त्याच्याबद्दल खूप बोलल्या. पोरगा गुणी होता, खोकत असायचा, पण गायला लागला की मजल्यावरच्या बायका पाणी भरायच्या थांबायच्या.

मी विचारलं, “शेवटी तुम्ही त्याला पाहिलं का?”

त्या म्हणाल्या, “इस्पितळात नेला तेव्हा पाहिला. मग भगवान म्हणाला गेला. पण खरं सांगू का बाई, त्यानंतर महिनाभर भिंतीपलीकडून मला त्याचं गाणं ऐकू यायचं. तेच गाणं, तसंच तुटत तुटत. मी घाबरून देवाला नारळ ठेवला.”

विठूकाका हसला. मला हसू आलं नाही.

परत येताना गाडीत मी एकच विचार करत होते. गोदूबाईंनी ऐकलं ते भूत नसेल तर काय होतं? आम्ही कोणी आनंदाला मेलेला पाहिलं नाही. आम्हाला फक्त एक ट्रंक मिळाली. त्यात दोन सदरे होते, कंगवा होता आणि त्याचे रबरी बूट होते. आईला वाटतं की तो कुठल्यातरी किरिस्ताव मुलीशी लग्न करून बसलाय आणि आपण सगळे मिळून तिच्यापासून ते लपवतोय. परवापर्यंत मी तिला समजावत होते. आता समजावताना माझीच जीभ अडखळते.

तो जिवंत आहे का? कुठल्या खोलीत बसून गातो आणि तुम्ही स्टेजवर उभे राहता, असं काही आहे का? हा प्रश्न वेड्यासारखा आहे हे मला कळतं. पण तुम्ही मला शहाणा प्रश्न विचारण्याजोगं काही सांगितलेलंच नाही.

वेणू


माहीम
३ मार्च १९६०

वेणू,

तू मला ‘तुम्ही’ कधीपासून म्हणायला लागलीस?

तुझं पत्र आलं तेव्हा पुण्याला निघायचं होतं. गाडी सोडली आणि आधी हे लिहायला बसलो.

आनंदा गेला. मी त्याला माझ्या हातांनी सोनापूरच्या स्मशानात पोचवला. तुझ्या आईची शपथ घेऊन सांगतो. ही आशा तिला लावू नकोस आणि तू स्वतःला लावून घेऊ नकोस. त्यासारखं वाईट दुसरं काही नाही.

गोदूबाईंनी ऐकलं तो मी होतो. आनंदा गेल्यावर मी खोलीत बसून त्याच्यासारखं गायचो. का, ते मला सांगता येत नाही. आधी वाटायचं खोली फार शांत झालीय. मग वाटलं, हे आपल्याला जमतंय.

पनवेलच्या लोकांनी माझा सत्कार ठरवला आहे, तुझ्या कानावर आलं असेल. आठ मे, शाळेच्या मैदानात. पूर्ण बँड घेऊन येतो. तू गंगामावशीला घेऊन ये, पुढच्या रांगेत बसव. ओकमास्तरांना मी कळवलंय की मला हार दुसऱ्या कोणाच्या हातून नको, वेणूच्या हातून हवा. मावशी समोर बसून ऐकेल तेव्हा गाणारा कोण आहे ते तिला कळेल, आणि तुलाही.

भगवान


कोळीवाडा, पनवेल
१५ मे १९६०

भगवानदादा यांस,

सत्कार झाल्यावर तुम्ही आम्हाला शोधत होतात असं भामावहिनी म्हणाल्या. आम्ही तळ्यावर होतो. काय झालं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून आठवडाभर थांबून लिहिते.

हार घालताना तुम्ही माझ्याकडे पाहून हसलात. मी हसले नाही, कारण मी तुमच्या गळ्याकडे पाहत होते. मग ओकमास्तरांचं भाषण झालं. फेफरं विसरून त्यांनी तुम्हाला पनवेलचं भूषण म्हटलं आणि जाहीर केलं की मैदानाच्या दाराशी दगड बसवणार. ‘मराठीतील पहिले रॉक अँड रोल गायक’. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाट पाहत होते की आता तुम्ही उठाल आणि एक नाव घ्याल. तुम्ही उठलात आणि म्हणालात, हे गाणं मी पनवेलच्या खाडीला वाहतो.

आईने पदर सारखा केला आणि मान पुढे काढली. पोरं ओरडत होती, शिट्ट्या मारत होती. तिने हातानेच मागच्या बाईला गप्प बसवलं. तुम्ही गायला लागलात. पहिल्या ओळीला तिने माझा हात धरला. दुसऱ्या कडव्याला सोडला. गाणं संपायच्या आधीच उठून म्हणाली, “चल घरा.”

तळ्याच्या पायरीवर तिला बसवलं. मी विचारलं, “काय झालं?”

“ह्यो आनंदा नाय,” ती म्हणाली.

“मग रेडिओवर?”

“रेडिओवर बी ह्योच. रेडिओ एवढासा आवाज देतो, मना फसवलान. आज मोठ्यानं ऐकला.” मग म्हणाली, “आनंदाचा दम तुटायचा ना, तवा तो लाजायचा. पुढचा शब्द घाईनं घेऊन ते झाकायचा. ह्यो झाकत नाय. ह्यो थांबतो, लोकांना दाखवतो, मंग पुढं जातो. ह्याला दम लागलेला नाय, ह्यो लावतो.”

आणि ती रडायला लागली. दादा, माझा भाऊ गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली. बायका जमल्या. मी कोणाला काय सांगणार, मी नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.

त्याच वेळी तुमचा तो ड्रमवाला सिगारेट ओढायला तळ्याकडे आला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तू आनंदा की बहन है ना? नाक वैसाच है.” मी हो म्हटलं. तो खाली बसला. आईच्या पाया पडला. म्हणाला, आनंदासारखा माणूस मी पाहिला नाही. मग म्हणाला, “रेकॉर्ड का दिन भी तो उसीका था. कंपनी ने उसको बुलाया था, भगवान को नहीं. वो अस्पताल में था, तो भगवान आया.” त्याला वाटलं, हे आम्हाला ठाऊकच असणार. माझा चेहरा पाहिल्यावर तो सिगारेट तशीच टाकून निघून गेला.

तर तुम्ही खरं लिहिलं होतंत. रेकॉर्डवर आवाज तुमचाच आहे. मी चुकीचा प्रश्न विचारत होते आणि तुम्ही त्याचं बरोबर उत्तर देत होतात.

आता नीट विचारते. कंपनीने आनंदाला बोलावलं होतं. तो इस्पितळात पडलेला असताना तुम्ही त्याच्या जागी गेलात. त्याची ओळ, त्याची चाल, त्याचा दमासुद्धा घेऊन गेलात. हे त्याला माहीत होतं का?

वेणू


माहीम
२ जून १९६०

वेणू,

माहीत होतं. त्यानेच पाठवलं.

मी त्याच्या खाटेजवळ बसलो होतो. त्याला दोन शब्दही सलग बोलवत नव्हते. तो म्हणाला, तारीख गेली तर परत मिळणार नाही, तू जा. मी म्हटलं, तुझं गाणं मला कसं येणार. तो म्हणाला, माझ्यासारखं म्हण म्हणजे झालं. तेव्हा तिथे तिसरं कोणी नव्हतं. तू विश्वास ठेव म्हणून मी तुला सांगू शकत नाही, आणि ठेवू नकोस असंही म्हणणार नाही. मी परत येईपर्यंत तो बोलायचा बंद झाला होता.

मग सहा महिन्यांनी रेकॉर्ड आली, त्यावर माझं नाव होतं. मी कंपनीत जाऊन काही बोललो नाही. मुलाखतीत पेपरवाल्याने विचारलं गाणं कसं सुचलं, तेव्हा काहीतरी सांगावं लागलं. एकदा सांगितलं की तेच पुन्हा सांगावं लागतं.

पण वेणू, तूही एक गोष्ट ऐकून घे, कारण तू मला चोर ठरवून मोकळी होऊ नयेस. आनंदाच्याने दोन गाण्यांपलीकडे गाववत नसे. तिसऱ्याला तो घामाने भिजून खाली बसायचा, हॉटेलवाला त्याला ठेवायला तयार नव्हता. मी तीन तास गातो. नाशिकला पावसात गायलो, एकही माणूस उठला नाही. ती मेहनत माझी आहे. आनंदा जगला असता तरी हे गाणं माझगावच्या त्या मजल्यापलीकडे गेलं असतं का, मला शंका आहे. आणि त्याने तरी कुठून आणलं? गोदीत एका अमेरिकन बोटीवरच्या खलाशाकडे रेकॉर्ड होती, ती त्याने पन्नासदा ऐकली. गाणारा कोणी काळा माणूस होता. त्याचं नाव आनंदालाही माहीत नव्हतं. तो त्याला ‘काळूमामा’ म्हणायचा. त्या काळूमामाची बहीण आनंदाला पत्र लिहीत बसली नाही, एवढंच.

तुझ्या आईने जे ओळखलं ते आजवर कोणी ओळखलं नव्हतं. ते वाचल्यापासून मला गाता येत नाही. परवा स्टेजवर मी तिथे न थांबता सरळ पुढे गेलो. लोक गप्प झाले, मग ओरडायला लागले, पैसे परत मागायला लागले. शेवटी मी पुन्हा म्हटलं, त्यांना हवं होतं तसं. पोरांनी खुर्च्या डोक्यावर घेतल्या.

नव्या रेकॉर्डवर आनंदाचं नाव घाला असं मी कंपनीला सांगितलंय. ते म्हणतात, मेलेल्या माणसाच्या नावाने गोंधळ होतो. मी पुन्हा सांगेन. ते ऐकतील असं मला वाटत नाही.

मावशी कशी आहे?

भगवान


कोळीवाडा, पनवेल
२६ जून १९६०

भगवानदादा,

पत्र आईला वाचून दाखवलं. सगळं दाखवलं, माझ्याविरुद्धचं आणि काळूमामाचंही. काळूमामाला ती हसली.

आम्ही आईसाठी आनंदाचे दिवस पुन्हा घातले. उशिरा का होईना, विठूकाकाने डोकं भादरलं, आईने खाडीत पाणी सोडलं. आता ती कोणाला विचारत नाही की तो घरी का येत नाय. बाजारात बसते. गाणं लागलं तर ऐकते. मध्यंतरी करीमचाचांनी तिच्यासाठी म्हणून रेडिओ बंद केला, तर तिनेच सांगितलं, राहू दे, पोरगा मेहनत करतो.

दगड बसला. ‘पहिले’ हा शब्द त्यावर तसाच आहे. मी ओकमास्तरांकडे जाऊन आनंदाची हकिगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वेणूबाई, खोदलेलं आता कसं खोडणार?” शिवाय माझ्याकडे पुरावा काय, असंही त्यांनी विचारलं. माझ्याकडे एक म्हातारी आहे असं मी म्हटलं नाही. पन्नास वर्षांनी कोणी पनवेलला येईल तेव्हा तो दगडच वाचेल. तुझं नाव राहणार, दादा. ते सगळंच खोटं आहे असं आता माझ्याने म्हणवत नाही. मैदानात त्या दिवशी मी रागात होते, तरी माझा पाय ठेका धरत होता. पण ते सगळंच तुझं आहे, असंही मी कधी म्हणणार नाही. कोणी विचारलं तर आनंदाचं नाव सांगेन. कोणी विचारलं नाही तरी सांगेन.

आनंदाने तुला पाठवलं, यावर मी किती विश्वास ठेवावा ते मला कळेना. म्हणून आईला विचारलं, तो असं म्हणाला असेल का?

तिने हातातल्या जाळ्याची गाठ सोडवली. मग म्हणाली, “आनंदानं आपली होडी कदी कोनाला दिली नाय. सख्ख्या काकाला नाय. गान्याची तारीख दिली आसंल, आसं मना वाटत नाय.”

मी म्हटलं, “मग काय लिहू त्याला?”

“बोलाव त्याला.”

“खोटं बोलला असेल तरी?”

“आनंदाचे शेवटचे दिवस त्याच्याबिगर कोनी बघितले नाय,” ती म्हणाली. “काय खात होता, काय बोलत होता, माझी आठवण काढली का नाय. त्यानं इथं बसून सगलं सांगावं. त्यातलं खोटं आसंल तेवढं मना कलंल. बाकीचं मी ठेवून घेईन.”

तर ये. रविवारी बाजार लवकर आटोपतो, दुपारपासून आम्ही घरी असतो. जेवायला इथेच थांब. बँड आणू नकोस, एकटा ये.

वेणू